प्रार्थना : पूरक की पर्यायी?

मोठी आपत्ती कोसळली म्हणजे आपल्या सार्वजनिक जीवनात काही गोष्टी ठरल्याप्रमाणे घडू लागतात. ढिगारे उपसण्याचे काम चालू असतानाच शोकसंदेश प्रसिद्ध होतात. मृतांच्या आत्म्यास शांती लाभो आणि आप्तांना दुःख सोसण्याचे बळ मिळो, अशी प्रार्थना सत्तेवरील मंडळी करतात आणि विरोधी बाकांवरील मंडळीही करतात. सभागृहे दोन मिनिटे स्तब्ध उभी राहतात. देवळांत, मशिदींत, चर्चमध्ये सामान्य माणसे हात जोडतात. आणि याच वेळी दुसरा एक स्वर हमखास उमटतो : या साऱ्या प्रार्थनांनी ढिगाऱ्यातील एक दगड तरी जागचा हलतो काय? मग दोन तट पडतात. एकाला प्रार्थनेविषयी शंका घेणे हाच दुःखितांचा अवमान वाटतो. दुसऱ्याला प्रार्थना हीच मुळी कर्तव्यातून काढलेली पळवाट वाटते. चार दिवसांनी वाद शमतो आणि पुढच्या आपत्तीच्या वेळी होता तेथूनच पुन्हा सुरू होतो.

या वादात अर्थशास्त्राच्या अध्यापकाने पडण्याचे कारण काय, असे कोणी विचारील. ईश्वर आहे की नाही आणि असल्यास तो ऐकतो की नाही, हे ठरविण्याचा अधिकार आमच्या शास्त्राला नाही, हे मान्यच आहे. परंतु वस्तूंच्या परस्परसंबंधांतील एक साधा भेद पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही आम्हांला शिकवावा लागतो. चहा आणि साखर या पूरक वस्तू होत. एकीचा खप वाढला की दुसरीचाही वाढतो. चहा आणि कॉफी या पर्यायी वस्तू होत. एक मिळाली की दुसरीची गरज उरत नाही. संकटकाळातील प्रार्थनेविषयी विचारण्याजोगा प्रश्न हाच आहे. मदतीची, चौकशीची, पुढच्या खबरदारीची निकड ती वाढविते, की भागवून टाकते? प्रस्तुत लेखकाच्या मते याचे उत्तर प्रार्थनेच्या शब्दांत सापडत नाही. प्रार्थना कोण करतो आणि ती संपल्यावर तो काय करतो, यावर ते अवलंबून आहे.

किल्लारीची पहाट

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर हा प्रश्न ३० सप्टेंबर १९९३ इतक्या निष्ठुरपणे क्वचितच उभा राहिला असेल. आदला दिवस अनंत चतुर्दशीचा होता. दहा दिवस घरोघरी आरत्या झाल्या होत्या आणि गणपतीचे विसर्जन करून गावे उशिरा निजली होती. पहाटे चार वाजण्यास काही मिनिटे असताना भूकंप झाला आणि लातूर व तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यांतील गावेच्या गावे झोपेत गाडली गेली. मृतांचा अधिकृत आकडा जवळजवळ आठ हजार आहे. ज्यांनी दहा दिवस देवाची मनोभावे पूजा केली, त्यांच्यावरच हे यावे, याची संगती लावायची कशी? देवाने हे का केले?

प्रश्न स्वाभाविक आहे. पण त्याचे उत्तर देण्याच्या भरीस प्रार्थना पडली की ती फसते. कारण किल्लारीत इतकी माणसे का मेली, हे समजण्यासाठी आकाशाकडे पाहण्याची आवश्यकता नाही. ६.२ क्षमतेचा भूकंप हा जगातील महाभूकंपांत मोडत नाही. परंतु दख्खनचे पठार स्थिर आहे असे गृहीत धरले गेले होते आणि भूकंपाच्या धोक्याच्या नकाशात हा भाग सर्वांत सुरक्षित पट्ट्यात दाखविलेला होता. १९९२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये किल्लारीच्या परिसराला धक्के जाणवले होते. तथापि त्यांतून घरांच्या मजबुतीचा काही कार्यक्रम निघाला नाही. आणि घरे होती ती मातीत रचलेल्या दगडांच्या रुंद भिंतींची, वर मातीच्या जाड थराचे माळवद असलेली. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात गारवा देणारे हे घर त्या पहाटे आतील माणसांवर उतरले. भूमी हलली हे निसर्गाचे काम होते. भिंती एकसंध राहिल्या नाहीत, हा बांधकामाचा, पैशाचा आणि माहितीचा प्रश्न होता. गरिबाला लाकूड, सिमेंट आणि जाणत्या गवंड्याचा सल्ला परवडत नाही; दगड आणि माती मात्र शिवारात फुकट मिळतात.

मग प्रार्थनेचे तेथे काही कामच नव्हते काय? होते, आणि मोठे होते. भूकंपानंतरच्या दिवसांत पाऊस पडत होता, आणि प्रेतांची संख्या इतकी होती की सामुदायिक चिता रचाव्या लागल्या. ज्या समाजात गेलेल्या माणसाचे नाव घेऊन पाणी सोडले जाते, दहाव्याला कावळ्याची वाट पाहिली जाते, त्या समाजात शेकडो माणसांना नाव न उच्चारता निरोप द्यावा लागणे हा मृत्यूवर आणखी एक आघात असतो. शासकीय यादीत माणूस आकडा होतो. ते अपरिहार्यच आहे, आणि अर्थशास्त्र्याने त्याविषयी नाक मुरडणे शोभत नाही. परंतु त्या आकड्यातून आपला माणूस पुन्हा वेगळा काढावा, त्याचे नाव घ्यावे, तो कोणाचा कोण होता हे चार माणसांसमोर सांगावे, यासाठी समाजाला जी साधने उपलब्ध आहेत त्यांत प्रार्थना हे सर्वांत जुने आणि सर्वांत स्वस्त साधन आहे. ज्याचे सर्वस्व गेले त्याच्यापाशीही ते उरते. ते त्याच्या हातून काढून घेणारा बुद्धिवाद फारसा शहाणा म्हणता येणार नाही.

आपल्याकडील एक रीत येथे आठवण्याजोगी आहे. घरात मृत्यू झाला की त्या घरची चूल पेटत नाही. शेजारीपाजारी आणि सोयरे पिठले-भाकरी घेऊन येतात. त्यास कडू घास म्हणतात. आलेला माणूस देवाचे नाव घेतो, दोन शब्द बोलतो आणि समोरच्याला बळेच घास भरवितो. तेथे सांत्वन कोठे संपले आणि मदत कोठे सुरू झाली, हे सांगता येत नाही. रिकाम्या हाताने येऊन केवळ सांत्वन करणारा शेजारी आणि भाकरी ठेवून न बोलता निघून जाणारा शेजारी, दोघेही त्या घराला अपुरे वाटतात. पूरक वस्तूचे याहून नेमके उदाहरण पाठ्यपुस्तकातही सापडणार नाही.

बिहारचा वाद

प्रार्थना कारणमीमांसा करू लागली म्हणजे काय घडते, याचा धडा आपल्या देशाला १९३४ मध्येच मिळाला आहे. त्या वर्षी १५ जानेवारीला बिहार आणि नेपाळ येथे प्रचंड भूकंप झाला. दहा हजारांहून अधिक माणसे मेली. महात्मा गांधी तेव्हा अस्पृश्यतानिवारणाच्या दौऱ्यावर दक्षिणेत होते. अस्पृश्यतेच्या पापाबद्दल ईश्वराने दिलेली ही शिक्षा आहे, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले. रवींद्रनाथ टागोरांना हे सहन झाले नाही. नैसर्गिक उत्पातांची कारणे निसर्गातच शोधली पाहिजेत, असे त्यांनी लिहिले. आणि अशा युक्तिवादाचा उपयोग गांधीजींपेक्षा त्यांच्या विरोधकांनाच अधिक होईल, असे बजावले. झालेही तसेच. ही शिक्षा अस्पृश्यतेबद्दल नसून ती मोडू पाहणाऱ्यांबद्दल आहे, असे सनातनी मंडळी म्हणू लागली. एकाच भूकंपातून दोन परस्परविरुद्ध ईश्वरी आदेश निघाले आणि त्यांतील खरा कोणता हे ठरविण्याचे कोणतेही माप उपलब्ध नव्हते.

गांधीजींनी टागोरांचे निवेदन आपल्याच ‘हरिजन’ पत्रात छापले आणि आपली श्रद्धा सोडली नाही. दोघांच्याही मोठेपणाला ते साजेसेच होते. परंतु या लेखाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. भूकंपानंतर दोनच दिवसांनी राजेंद्रप्रसाद तुरुंगातून सुटले आणि प्रकृती खालावलेली असतानाही त्यांनी बिहार मध्यवर्ती साहाय्य समिती उभी केली. त्या कामात जमनालाल बजाज होते. जवाहरलाल नेहरूंनी उद्ध्वस्त भागात फिरून स्वतः ढिगारे उपसण्यास हात लावला. गांधीजींची मीमांसा त्यांना मुळीच पटलेली नव्हती. पुढे गांधीजी स्वतः बिहारात आले आणि गावोगाव हिंडले. शिक्षेच्या सिद्धांताबाबत एकमेकांशी न जुळणारी ही माणसे कामात एकत्र होती. तो सिद्धांत आज कोणी फारसा मानत नाही. निधी, धान्य आणि विहिरींची दुरुस्ती यांचा हिशेब मात्र कोणाही श्रद्धावंताला अथवा नास्तिकाला सारखाच समजतो.

शिक्षेच्या सिद्धांतात आणखी एक दोष आहे, आणि तो नैतिक आहे. आपत्ती ही पापाची शिक्षा असेल तर आपद्ग्रस्त हा आरोपी ठरतो. ज्याचे घर पडले त्यालाच मान खाली घालावी लागते. ज्याने घर पडू दिले तो शोकसभेत अध्यक्षस्थानी बसू शकतो. प्रार्थनेने दुःखिताला उभे करावयाचे असते. ती जर त्याला आरोपीच्या पिंजऱ्यात नेऊन उभे करीत असेल, तर तिचा मूळ हेतूच नष्ट झाला असे म्हणावे लागेल.

मोजमापाच्या मर्यादा

प्रार्थनेचे मोल मोजण्याचे प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. फ्रान्सिस गॉल्टन या इंग्रज संख्याशास्त्रज्ञाने १८७२ मध्ये असा मुद्दा मांडला की, राजघराण्यांच्या दीर्घायुष्यासाठी देशभर प्रार्थना होतात, तरी अन्य सुखवस्तू वर्गांपेक्षा राजे-महाराजे अल्पायुषीच दिसतात. २००६ मध्ये अमेरिकेत हृदयशस्त्रक्रिया झालेल्या १,८०२ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. ज्यांच्यासाठी परक्यांनी प्रार्थना केली आणि ज्यांच्यासाठी केली नाही, त्यांच्या प्रकृतीत उल्लेखनीय फरक आढळला नाही. आपल्यासाठी प्रार्थना होत आहे हे ज्यांना निश्चित सांगण्यात आले होते, त्यांच्यात तर गुंतागुंत अधिक आढळली : ५९ टक्के, ज्यांच्यासाठी प्रार्थना होत होती पण ज्यांना तशी खात्री दिलेली नव्हती, त्यांच्यात ५२ टक्के. यावरून ईश्वराविषयी काही सिद्ध होत नाही. प्रार्थना हे औषध किंवा यंत्र समजून तिच्याकडून ठरावीक फळ मागणे व्यर्थ आहे, एवढे मात्र सिद्ध होते; आणि खऱ्या भक्ताला हे सांगण्यासाठी पाहणीची गरज नव्हती.

अर्थशास्त्रज्ञांचे अलीकडचे काम अधिक उपयोगी आहे. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्याला २०१८ मध्ये फ्लॉरेन्स चक्रीवादळाचा तडाखा बसला. त्यानंतर लिंडा थुनस्ट्रॉम आणि शिरी नॉय यांनी तेथील रहिवाशांकडून, आपल्यासाठी कोणी प्रार्थना करावी याचे मोल ते पैशात किती करतात, हे प्रयोगाने काढून घेतले. श्रद्धावान ख्रिस्ती माणसांनी धर्मगुरूच्या प्रार्थनेचे मोल सुमारे सात डॉलर, तर अनोळखी ख्रिस्ती माणसाच्या प्रार्थनेचे चार डॉलरहून थोडे अधिक केले. उलट, निरीश्वरवादी मंडळी अशी प्रार्थना होऊ नये म्हणून पदरचे पैसे मोडण्यास तयार होती. म्हणजे एकच प्रार्थना एकाला देणगी आणि दुसऱ्याला उपद्रव ठरते. सांत्वनास जाणाऱ्याने प्रथम समोरच्याचे मन ओळखावे, हे आपल्याकडील वडीलधारी माणसे याहून कमी खर्चात सांगत असत. पण तेच संशोधनाने सांगितले म्हणून बिघडले नाही.

याच थुनस्ट्रॉम यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेला निष्कर्ष मात्र श्रद्धावंतांनी गंभीरपणे घेण्यासारखा आहे. वादळग्रस्तांसाठी देणगी देण्यापूर्वी ज्या श्रद्धावंतांना प्रार्थना करण्यास सांगितले, त्यांच्या देणग्या त्यामुळे घटल्या. प्रार्थना आणि वस्तुरूप मदत या त्यांच्या हातून पर्यायी वस्तू ठरल्या. याचे कारण समजण्यास अवघड नाही. प्रार्थनेने आपण मदत केलीच आहे, असे प्रार्थना करणाऱ्याला प्रामाणिकपणे वाटते. खात्यात एक रक्कम जमा झाली, मग दुसरी कशाला? ढोंगी माणसाची प्रार्थना पर्यायी ठरते यात नवल नाही. प्रामाणिक माणसाचीही तशी ठरू शकते, ही खरी चिंतेची बाब आहे.

दामाजी, तुकोबा आणि रानडे

तथापि एका देशातील प्रयोगावरून मनुष्यस्वभावाचा कायमचा नियम ठरविण्याचे कारण नाही. प्रार्थनेला कृतीची पूरक बनविण्याची एक परंपरा मराठी मुलखात रुजलेली आहे, आणि विशेष म्हणजे ती दुष्काळांतून घडलेली आहे. बहामनी राजवटीतील मंगळवेढ्याचा दामाजीपंत हा भक्त म्हणून ओळखला जातो. पण लोकांच्या स्मरणात तो राहिला तो दुष्काळात सरकारी धान्याची कोठारे उघडल्यामुळे. कथा सांगते की, विठ्ठलाने महाराचे रूप घेऊन बिदरला धान्याची रक्कम भरली आणि रीतसर पावती घेतली. चमत्कार बाजूला ठेवला तरी कथेतील क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. आधी कोठार उघडले, मग देव आला.

तुकोबांनी १६३० च्या सुमाराचा भीषण दुष्काळ स्वतः भोगला. त्यात त्यांची पत्नी गेली, मूल गेले, व्यापार बुडाला. या दुःखातून ते भंडाऱ्याच्या डोंगराकडे आणि नामस्मरणाकडे वळले, हे सर्वांना माहीत आहे. परंतु परंपरा आणखी एक गोष्ट सांगते : भावाचा वाटा त्याला देऊन आपल्या वाट्याची कर्जखते त्यांनी इंद्रायणीत सोडून दिली. दुष्काळानंतरच्या गावात कुळांच्या डोक्यावरचे कर्ज ही काय चीज असते, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला सांगावयास नको. शोकातून निघालेली भक्ती प्रथम तगाद्यातून माणसे मोकळी करते, हा या कथेचा अर्थ आहे.

तिसरे उदाहरण अधिक जवळचे आहे. मुंबईत १८६७ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने आपल्या नावातच प्रार्थना घातली होती. त्या प्रार्थनासमाजाचे अध्वर्यू न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे हेच भारतीय अर्थशास्त्राचेही आद्य प्रवर्तक होत, हा निव्वळ योगायोग नव्हे. १८७६-७८ च्या दुष्काळात रानड्यांच्या प्रेरणेने चालणाऱ्या पुण्याच्या सार्वजनिक सभेने जिल्ह्याजिल्ह्यांतून पिकांची, भावांची आणि दुष्काळी कामांची माहिती गोळा करून सरकारपुढे ठेवली. सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरील मजुराची रोजी एक पौंड धान्य आणि वर थोडा पैसा इतकी खाली आणली, तेव्हा एवढ्यावर कष्टकऱ्याचा जीव तगणार नाही, असे सभेने आकड्यांनिशी मांडले. रानडे आठवड्याची उपासना करीत, आणि शेर-पायलीचे हिशेबही तपाशीत. या दोहोंत त्यांना विरोध जाणवला नाही. ईश्वराच्या सर्व लेकरांसाठी करुणा भाकावयाची, तर त्या लेकरांना रोज किती धान्य मिळते हे ठाऊक असलेच पाहिजे, इतकी साधी त्यांची वृत्ती होती.

ही परंपरा जुनी झाली असे समजू नये. २०२० च्या महामारीत जगभर प्रार्थनेकडे ओढा वाढला. त्या मार्चमध्ये इंटरनेटवर प्रार्थनेचा शोध घेणाऱ्यांचे प्रमाण कसे उसळले, हे जेनेट बेंट्झेन या डेन्मार्कमधील अर्थशास्त्रज्ञ विदुषीने दाखविले आहे. त्याच वर्षी आषाढीला संतांच्या पादुका एस.टी.च्या गाड्यांतून पंढरपूरला गेल्या आणि लक्षावधी वारकरी घरी थांबले. शतकांची वाटचाल एका वर्षापुरती थांबविणे सोपे नव्हते. ज्या वारकऱ्याने ते केले, त्याने शेजाऱ्याचा जीव सांभाळणे हेही उपासनेतच मोडते, असे मानले.

कोणाची प्रार्थना?

आता मूळ प्रश्नाकडे येता येईल. प्रार्थना करणारे तीन प्रकारचे असतात. पहिला आपद्ग्रस्त. त्याची प्रार्थना हा त्याचा हक्क आहे. तिचा उपयोग काय, असे त्याला विचारण्याचा अधिकार कोणालाही नाही. दुसरा शेजारी, मग तो भिंतीपलीकडचा असो वा परदेशातील. त्याची प्रार्थना कडू घासासारखी असावी, म्हणजे हातात काही घेऊन आलेली. तिसरा तो, ज्याच्या हाती निधी, यंत्रणा, नकाशे आणि कायदा आहे. त्याने प्रार्थना करू नये असे नाही. तोही माणूस आहे. परंतु ज्याला करता येण्यासारखे होते, त्याने केवळ प्रार्थना करावी, हे ऋणकोने धनकोला शुभेच्छा पाठविण्यासारखे आहे. शुभेच्छा खऱ्या असतील. परंतु तेवढ्याने देणे फिटत नाही.

हे देणे किती थकले आहे, ते डोंगराळ भागातील गावे सांगतील. मळीण ३० जुलै २०१४ रोजी गाडले गेले. तळिये २२ जुलै २०२१ रोजी. इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री. तिन्ही वेळा महिना जुलैचा, तिन्ही वेळा कारण मुसळधार पावसात सुटलेला डोंगर, आणि तिन्ही वेळा शोकसंदेशांची भाषा जवळजवळ तीच. इर्शाळवाडीत २७ मृतदेह हाती लागले. ५७ माणसे मातीखालीच राहिली आणि चार दिवसांनी शोध थांबवावा लागला. देह न मिळालेल्या त्या माणसांच्या आप्तांना प्रार्थनेखेरीज दुसरा निरोप उरलाच नव्हता. त्यांच्या त्या प्रार्थनेला हसणारा माणूस करंटा होय. परंतु त्याच प्रार्थनेचे शब्द उसने घेऊन जो पुढच्या जुलैची वाट पाहतो, त्याला काय म्हणावे?

किल्लारीच्या बाबतीत काही प्रमाणात असे घडले नाही, हे नमूद केले पाहिजे. जागतिक बँकेच्या साहाय्याने चाललेल्या पुनर्वसन कार्यक्रमात ५२ गावे नव्या जागी वसविली गेली. इतर गावांतील घरांच्या दुरुस्ती व मजबुतीच्या कामात ‘संवाद सहायक’ म्हणून बायका पुढे आल्या आणि भिंत कशी बांधली असता टिकते, हे घरोघरी सांगू लागल्या. त्या कार्यक्रमातही उणिवा होत्याच. तरीही दरवर्षी ३० सप्टेंबरला तेथे मृतांना जी श्रद्धांजली वाहिली जाते, तिच्या पाठीशी निदान बांधलेल्या भिंती आहेत.

तेव्हा एक साधी प्रथा सुचवावीशी वाटते. विधिमंडळात, महापालिकांत, जिल्हा परिषदांत शोकप्रस्ताव मांडले जातात ते अवश्य मांडावेत; सभासदांनी दोन मिनिटे उभेही राहावे. मात्र प्रत्येक शोकप्रस्तावाबरोबर मागील तशाच आपत्तीनंतरच्या कामाचा हिशेब सभागृहापुढे ठेवण्याचे बंधन असावे : धोक्याच्या उतारावरील किती वस्त्या हलविल्या, किती राहिल्या, का राहिल्या. हा हिशेब वाचून झाल्यावर सभागृहाने स्तब्ध उभे राहावे. पुढचा जुलै दूर नाही. त्या स्तब्धतेत प्रत्येक सभासदाला कोणती प्रार्थना सुचेल ती त्याने करावी.